रंध्याचं गाऱ्हाणं

यंदाच्या चवथीला घरची माटोळी आपण स्वतःच्या हातांनी करणार, हे बाबलीबाब शेटगावकरांनी गेल्या चवथीलाच, आरती मध्येच थांबवून, सगळ्या भाऊबंदांसमोर जाहीर करून टाकलं होतं. बायकोला विचारलं नव्हतं, सुताराला विचारलं नव्हतं, आणि स्वतःच्या हातांना तर नव्हतंच नव्हतं.

आरती थांबवायला कारणही तसंच घडलं होतं. गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या डोक्यावर छताला जी लाकडी चौकट टांगतात ती माटोळी. तिला नारळ, सुपारीची शिपटी, केळीचा घड, आंबाडे, चिबूड आणि रानात हिंडून आणलेली नाही नाही ती फळं बांधतात. गणपती मातीचा असतो आणि दरवर्षी नवा येतो. माटोळी मात्र तीच असते. शेटगावकरांची माटोळी तर वाळवीने इतक्या मनापासून खाल्ली होती, की ती आता फक्त रंगाच्या आधारावर उभी आहे असं बाबलीबाब स्वतःच म्हणत. त्या दिवशी आरती रंगात आली होती, धाकटा भाऊ गौरेश डोळे मिटून टाळ वाजवत होता, आणि माटोळीची एक पट्टी मोडून भला थोरला चिबूड थेट त्याच्या टाळूवर आला. चिबूड फुटला. गौरेश वाचला, पण उरलेली आरती त्याने दाराबाहेर उभं राहून म्हटली.

दोष कुणाचा, याबद्दल बाबलीबाबना काडीचीही शंका नव्हती. दोष शंभू मेस्ताचा. मेस्त म्हणजे सुतार. पार्से गावात दारं, खिडक्या, पाट, पाळणे, सगळं शंभूच्या हातचं, आणि ते वेळेवर मिळालं असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. कधी येतोस म्हणून विचारलं की शंभू म्हणायचा, "फाल्यां येतंय." फाल्यां म्हणजे उद्या. हा उद्या गावात अजून कुणी पाहिला नव्हता. नव्या माटोळीसाठी तर बाबलीबाब वर्षानुवर्षं त्याच्या मागे होते, आणि दरवर्षी त्याचं एकच उत्तर ठरलेलं होतं: "घाई कित्याक, बाबलीबाब? चवथ खंय पळून जाता?"

आणि हाच शंभू त्या दिवशी आरतीला आलेला होता. फुटलेल्या चिबडाकडे तो एखाद्या पाहुण्यासारखा बघत होता. बाबलीबाबचं डोकं फिरलं ते तिथे. ते म्हणाले, पुढच्या चवथीला या घरात नवी माटोळी लागेल, ती मी करीन, आणि कुठल्याही मेस्ताचा हात तिला लागणार नाही. शंभूने शांतपणे विचारलं, हत्यारां खंयची? विकत आणीन, बाबलीबाब म्हणाले. शंभू म्हणाला, "हाडा, हाडा." आणा, आणा. एवढंच. पण त्या दोन शब्दांत असं काही होतं की बाबलीबाबना त्या रात्री मोदक गोड लागले नाहीत.

तसे बाबलीबाब अगदीच अडाणी नव्हते. पणजीच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते मोबाईलवर लाकूडकामाचे व्हिडिओ बघत होते. त्यात कुठल्यातरी थंड मुलुखातला एक दाढीवाला माणूस एक शब्दही न बोलता लाकडावर रंधा चालवायचा, आणि पातळ साल फुलासारखी उमलून खाली पडायची. हे बघता बघता बाबलीबाबना सगळे सांधे, सगळ्या पटाश्या आणि सगळे रंधे नावानिशी पाठ झाले होते. लाकडाला हात तेवढा लागायचा राहिला होता.

त्यांचा खरा हातखंडा वेगळाच होता. तो होता गाऱ्हाण्याचा. गावात काहीही नवं असो, विहीर, घर, दुकान, मोटरसायकल, देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने सांगणं सांगायचं, जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, आणि सांगणारे बाबलीबाबच असायचे. आवाज असा की देव झोपलेला असला तरी उठून बसावा. खोड एकच. गाऱ्हाणं रंगात आलं की त्यांना भान राहायचं नाही, आणि ते समोरच्याच्या वतीने देवाला वाटेल ते कबूल करून बसायचे. काजूचा व्यापारी नारायण याने नव्या गोदामासाठी नुसतं गाऱ्हाणं घालायला बोलावलं होतं. बाबलीबाबनी त्याच्या वतीने देवाला दशावतारी नाटक कबूल केलं, 'व्हय म्हाराजा' होऊन गेलं, आणि नारायणाला नाटक मंडळींना रात्रभर चहा, जेवण, बिदागी सगळं करावं लागलं. त्याने कुरकुर केली तेव्हा बाबलीबाबनीच त्याला सुनावलं होतं की देवापुढे गेलेला शब्द मागे घेता येत नाही. नारायण तेव्हापासून त्यांच्याशी जपून बोलत असे.

तर श्रावण आला आणि हत्यारांचा शोध सुरू झाला. म्हापशाच्या बाजारात एका दुकानातून त्यांनी पटाशी आणली. फणसाच्या लाकडावर पहिलाच ठोका घातला तर पटाशीच्या पात्याने मान टाकली. दुसऱ्या दुकानात रंधा मागितला, तर दुकानदाराने विजेवर चालणारं यंत्र पुढे केलं आणि हातरंधा आता कोण मागतो, असं वर विचारलं. मी मागतो, बाबलीबाब म्हणाले. दुकानदाराने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. शेवटचा मार्ग म्हणजे शंभूकडून उसना आणणं, पण त्यापेक्षा दातांनी लाकूड कुरतडलेलं बरं, असं त्यांनी विनोदिनीला, म्हणजे बायकोला, सांगून टाकलं.

इतक्यात पेपरात जाहिरात आली. पणजीत लाकूडकामाचं भव्य प्रदर्शन, देशभरातल्या कंपन्या, 'सुतारकामातील सर्व काही एका छताखाली'. बाबलीबाबनी पेपर टेबलावर आपटला आणि म्हणाले, झालं काम. विनोदिनीही यायला तयार झाली, कारण पणजीला जाऊन बरेच दिवस झाले होते. मात्र निघताना तिने पिशवीत एक नारळ, जास्वंदीची फुलं आणि कुंकवाची पुडी टाकली. नवं लोखंड घरात आणायचं तर आधी देवाला सांगायचं, हा तिच्या माहेरचा, नार्व्याचा, नियम होता. बाबलीबाबनी कपाळाला गंध लावलं, धोतर नेसलं, आणि बस पकडली.

प्रदर्शनाच्या दारातच पहिली अडचण उभी राहिली. मोबाईलवर नंबर आल्याशिवाय आत सोडत नव्हते, आणि तो नंबर येईपर्यंत बाबलीबाबचा मोबाईल बंद पडला. विनोदिनीच्या मोबाईलवर आला. मग काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कंपनीचं नाव काय? कंपनी कसली, बाबलीबाब म्हणाले, मी आणि ही माझी बायको. मुलीने मान हलवली, काहीतरी टाइप केलं, आणि दोघांच्या गळ्यात एकेक पाटी अडकवली. पाटीवर लिहिलं होतं: शेटगावकर अँड वाईफ, पार्से.

त्या पाटीने घात केला. आत शिरल्याबरोबर टाय लावलेल्या माणसांनी त्यांना असं घेरलं, जसं बाजारात ताजे बांगडे आले की लोक टोपलीला घेरतात. पहिल्या स्टॉलवर आख्ख्या खोलीएवढं एक यंत्र लाकडाच्या फळ्या बिस्किटांसारख्या कापत होतं. बाबलीबाबनी रंधा मागितला. तिथल्या माणसाने विचारलं, सर, आपलं प्रॉडक्ट काय? माटोळी, बाबलीबाब म्हणाले. वा, तो म्हणाला, आणि रोज किती निघतात?

"रोज?" बाबलीबाबना कळेना. "आमची चवथ वर्षातून एकदाच येते."

सीझनल बिझनेस, असं म्हणत त्या माणसाने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि त्यांच्या हातात एक कापडी पिशवी दिली. दुसऱ्या स्टॉलवर डिंक होता, तिसऱ्यावर बिजागऱ्या, चौथ्यावर लाकडासारखा दिसणारा पण लाकूड नसलेला कागद. प्रत्येकाने चहा दिला, प्रत्येकाने पिशवी दिली, आणि रंधा म्हटल्यावर प्रत्येकाने पुढच्या स्टॉलकडे बोट दाखवलं. एकाने तर त्यांना थेट स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत पोचवलं. सुतारकामातील सर्व काही त्या छताखाली होतं, फक्त सुतारकाम नव्हतं. बाबलीबाबची कानशिलं तापली. विनोदिनी मात्र मजेत होती. तिने पिशव्यांत पिशव्या भरल्या होत्या.

"आसूं दी," ती म्हणाली. "चवथीच्या बाजाराक उपयोगी पडतत."

"मी रंधो घेवूक इलंय की पिशयो?"

"रंधो मेळूक नाय. पिशयो मेळतत."

बाबलीबाब पुढे चालू लागले. आणि सभागृहाच्या अगदी टोकाला त्यांना तो दिसला.

काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर, शिसवी लाकडाचा रंधा ठेवलेला होता. मूठ हाताच्या घामाने काळीभोर झालेली, पातं आरशासारखं. बाजूला पटाश्या, करवत, गुण्या, गिरमिट, सगळा संसार मांडलेला. बाबलीबाबनी काचेला नाक टेकवलं. मोबाईलमधल्या त्या दाढीवाल्याकडेही इतका देखणा रंधा नव्हता. कपाटाशेजारी एक प्रचंड नवं यंत्र झेंडूच्या माळा घालून उभं होतं, आणि कंपनीचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी ते पुसत होती.

तिचं नाव गौरवी, गाव डिचोली, हे बाबलीबाबनी आधी विचारून घेतलं, कारण गाव न विचारता व्यवहाराला हात घालणं त्यांना जमत नसे. मग ते म्हणाले, हा रंधा बांधून दे. गौरवी अवघडली. काका, हा विकायचा नाही, ती म्हणाली, दाखवायचा आहे. पूर्वी लोक कसं काम करायचे ते लोकांना कळावं म्हणून ठेवलाय. विकायचं ते हे यंत्र. बाबलीबाबनी विचारलं, जे विकायचं नाही ते बाजारात मांडायचं कशाला? गौरवीने हे साहेबांना विचारा म्हणून सांगितलं. साहेब यंत्राच्या पूजेच्या वेळी येणार होते, भटजी मात्र पुलावरच्या गर्दीत अडकले होते.

साहेब आले. ते गोव्याबाहेरचे, मराठी त्यांना कामापुरती समजायची. मुहूर्ताची वेळ टळत चालली होती, फोटोवाला खोळंबला होता, आणि साहेबांचा रक्तदाब चेहऱ्यावर दिसत होता. इतक्यात त्यांची नजर बाबलीबाबवर पडली. कपाळाला गंध, अंगावर धोतर, पिशवीतून डोकावणारा नारळ आणि जास्वंदीची फुलं. साहेबांनी दोन्ही हात जोडले, पंडितजी आ गये म्हणाले, आणि बाबलीबाबना दंडाला धरून यंत्रापुढे उभं केलं.

बाबलीबाब परोपरीने सांगत राहिले की मी भट नव्हे, पूजा मला येत नाही, मी रंधा घ्यायला आलोय. साहेब प्रत्येक वाक्याला हो हो म्हणत राहिले. शेवटी गौरवीच मध्ये पडली. काका, ती हळूच म्हणाली, पूजा नको, गाऱ्हाणं तरी येतं का तुम्हाला?

आता हे म्हणजे माशाला पोहायला येतं का असं विचारण्यापैकी झालं. बाबलीबाबचा सगळा वैताग क्षणभर थांबला. ते म्हणाले, घालतो, पण गाऱ्हाणं संपल्यावर हा रंधा मला विकत मिळाला पाहिजे. गौरवीने ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी घड्याळाकडे बघत मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते कुणालाच कळलं नाही, पण तोवर बाबलीबाबच्या हातात माईक आला होता.

गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणं वेगळं आणि माईकवर घालणं वेगळं. पहिल्याच हाकेला सभागृहाच्या चारही भिंती थरारल्या.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या पणजे शारात तुझी लेकरां जमलेली आसत."

मग कोपऱ्यातून कुणीतरी सवयीने उत्तरलं, "व्हय म्हाराजा." पेडण्याचे, डिचोलीचे, सावंतवाडीकडचे कितीतरी सुतार त्या गर्दीत होते. ज्या मुलखात लहानपणापासून हे ऐकलेलं असतं, तिथल्या माणसाला ही हाक कानावर पडल्यावर गप्प राहता येतच नाही. डिंकवाले, बिजागरीवाले, पिशव्या घेतलेले, पाट्या अडकवलेले, सगळे यंत्राकडे सरकू लागले.

"तर म्हाराजा, ह्या यंत्राच्या वाटेत काय इडापिडा आसात, ती दूर कर."

"व्हय म्हाराजा."

इथे थांबले असते तर सगळं गोड झालं असतं. साहेब प्रसन्न होते, फोटोवाला फोटो काढत होता. पण बाबलीबाबची नजर काचेच्या कपाटावर गेली आणि सकाळपासूनचा सगळा वैताग पोटातून वर आला. गाऱ्हाणं म्हणजे तरी काय, मनातलं देवापुढे उघडं करणं. त्यांनी केलं.

"आणि म्हाराजा, तुझा एक लेकरू सकाळपासून हय रंधो सोदीत फिरता."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या गळ्यात पाटी बांधली."

"व्हय म्हाराजा."

"चाय पाजली, पिशयो दिल्यो, डिंक दाखवलो. रंधो कोणी दिलो नाय."

"व्हय म्हाराजा!" या वेळी छप्पर उडायचं बाकी राहिलं, कारण जमलेल्या सुतारांतले अर्धे लोक सकाळपासून तेच शोधत फिरले होते. मोबाईल वर झाले. साहेबांना वाटलं, हा जयजयकार आपल्या यंत्राचा चाललाय. त्यांनी गर्दीला हात जोडले.

आणि मग ते झालं. गाऱ्हाण्याच्या शेवटी देवाला काहीतरी कबूल करायचं असतं, तसं न करता थांबणं म्हणजे जेवून हात न धुणं. गर्दीचा तो आवाज अंगात भिनलेला, माईक हातात, समोर शिसवी रंधा. बाबलीबाबचं भान सुटलं.

"आज ह्या लेकराच्या हातात तो रंधो पडू दे, म्हाराजा. मग तो आपल्या घराचीच न्हय, वाड्यावरच्या सगळ्या घरांची माटोळी सोताच्या हातान करून चवथीक टांगतलो!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

सगळ्या आवाजांच्या वर एक आवाज मागून आला. लांबवलेला, शेवटी किंचित वर जाणारा. हा आवाज बाबलीबाबनी आपल्या प्रत्येक गाऱ्हाण्यात ऐकला होता. त्यांनी टाचा उंचावून बघितलं. गर्दीच्या मागे, एका स्टुलावर चढून, मोबाईल उंच धरून शंभू मेस्त उभा होता. त्याच्या खांद्यालाही चार कापडी पिशव्या होत्या.

बाबलीबाबच्या हातातला माईक थंडगार झाला. आपण काय बोललो ते त्यांना आता हळूहळू ऐकू येऊ लागलं. एकच आशा उरली होती, की साहेब रंधा देणार नाहीत. रंधा नाही तर माटोळ्या नाहीत, देवही मोकळा आणि बाबलीबाबही. सकाळपासून ज्या रंध्यासाठी जीव टाकला तो मिळू नये, असं आता ते मनातल्या मनात विनवू लागले. पण ते विनवणं मनातलं होतं, आणि मघाचं माईकवरचं होतं. देवाने ऐकलं ते मोठ्याने सांगितलेलं.

साहेबांनी गौरवीला विचारलं, लोक एवढे खूश का झाले? गौरवीने दोन वाक्यांत सांगितलं. साहेब धंद्यातले. एवढे मोबाईल आपल्या स्टॉलकडे रोखलेले त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. त्यांनी खिशातून किल्ली काढली, काचेचं कपाट उघडलं, आणि तो शिसवी रंधा दोन्ही हातांनी बाबलीबाबच्या हाती ठेवला. विकत नव्हे, भेट. टाळ्यांचा कडकडाट झाला. पैसे तरी घ्या, बाबलीबाब काकुळतीला येऊन म्हणाले. साहेबांनी ऐकलं नाही.

राहिला होता नारळ. हबकलेल्या बाबलीबाबनी तो फोडायला दगड शोधला, दगड दिसेना, तेव्हा समोरच्या यंत्राचा गुळगुळीत लोखंडी ओटा बघून त्यांनी हात वर उचलला. साहेब किंचाळत मध्ये आले. नारळ शेवटी बाहेर, सभागृहाच्या पायरीवर फुटला, आणि खोबऱ्यासाठी झालेल्या गर्दीत शंभू मेस्त कुठे दिसेनासा झाला ते कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये बाबलीबाब रंधा मांडीवर घेऊन बसले होते. मग विनोदिनीने बोटांवर वाड्यावरची, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीतली, घरं मोजायला सुरुवात केली. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, मग तिने पेरं धरली. तीही संपली तेव्हा ती खिडकीबाहेर बघू लागली.

"देवाक काय सगळा आयकू येता काय?" बाबलीबाबनी विचारलं. "थंय आवाज खूप होतो."

"तुमी माइकार होतात."

बस म्हापसा सोडून पुढे निघाली तेव्हा त्यांनी दुसरी वाट काढून बघितली. चूक झाली म्हणून देवापुढे दुसरा नारळ ठेवला तर? विनोदिनीने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. नारायणाक तुमी काय सांगलेलात, एवढंच ती म्हणाली. बाबलीबाबना तो शब्द न् शब्द आठवत होता. इतकं चांगलं आपण कशाला बोलतो, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. त्यांनी रंधा उलटा करून पात्यावरून बोट फिरवलं. बोट कापलं. धार उत्तम होती.

पार्सेला उतरले तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. घराच्या पायऱ्या चढताना त्यांना सोप्यावर दिवा लागलेला दिसला, आणि दिव्याखाली माणसं. अर्धा वाडा बसलेला होता. व्हिडिओ त्यांच्या आधीच्या बसने घरी पोचला होता. विमलाकाकी नारळाच्या सुंभाला गाठी मारून माप घेऊन आली होती. कमल आपल्या माटोळीचा मोडका तुकडाच नमुना म्हणून घेऊन आली होती. धाकटा गौरेश एका कोपऱ्यात डोक्याला हात लावून बसला होता, कारण चवथीला आता दादाच्या हातच्या माटोळीखाली उभं राहायचं होतं. आणि सगळ्यात पुढे, बाबलीबाबच्याच खुर्चीवर, काजूवाला नारायण. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद बाबलीबाबनी त्या दशावतारी नाटकाच्या रात्रीही पाहिला नव्हता.

नारायणाने उठून त्यांना खुर्ची दिली. मोठ्या अदबीने म्हणाला की आपलं घर जुनं, छत उंच, तेव्हा माटोळी जरा मोठी लागेल, आणि कोपऱ्यांना नक्षी असली तर बरं. बाबलीबाब म्हणाले, नक्षीचं मी कधी बोललो? नारायण म्हणाला, नाटकाचं तरी मी कधी बोललो होतो?

विनोदिनी आत गेली आणि रंधा देवापुढे ठेवून, त्याला कुंकू लावून, बाहेर आली. माणसं माप देत राहिली, बाबलीबाब मान हलवत राहिले. फणसाचं लाकूड परसात एका घरापुरतं होतं. चवथ तोंडावर होती. आणि मोबाईलमधल्या त्या दाढीवाल्याने माटोळी कधी केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

सगळ्यांचं झाल्यावर पायरीवर बसलेला एक माणूस उठून पुढे आला. शंभू मेस्त. खांद्यावरच्या कापडी पिशवीतून त्याने मोजपट्टी काढली, ती बाबलीबाबच्या हातात दिली, आणि म्हणाला की वाड्यावरच्या सगळ्या घरांत माझंही घर येतं. आमच्याही माटोळीला वाळवी लागली आहे. वेळ मिळाला नाही कधी.

"तू मेस्त ना रे," बाबलीबाब म्हणाले. "तू कर."

"कसा करू? तुमी देवाक सांगलात, सोताच्या हातान म्हणून. मेस्ताचो हात लागूक नको." शंभूने खाली बसून पाय ऐसपैस पसरले. "फक्त येळार द्या, बाबलीबाब. चवथ कोणासाठी थांबता? कधी मेळतली, तेवढा सांगा."

नारायण, विमलाकाकी, कमल, गौरेश, सगळे कान देऊन बसले. बाबलीबाबनी एकदा आतल्या रंध्याकडे पाहिलं, एकदा कापलेल्या बोटाकडे पाहिलं. एक तारीख सांगायची होती, नुसती एक तारीख. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर पडलं ते ऐकून ते स्वतःच दचकले.

"फाल्यां सांगतंय," ते म्हणाले. "घाई कित्याक? चवथ खंय पळून जाता?"

आणि शंभू मेस्ताने, डोळे मिटून, शेवटचा सूर नेहमीसारखा वर नेत म्हटलं, "व्हय म्हाराजा."